शक्ती की सामग्री? जुन्या प्रोसेसरला पळवण्याचा इतिहास



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेला माणूस, आणि बोलणार कशावर, तर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर! पण हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. भोकर घ्या, उमरी घ्या, हिमायतनगर घ्या. आपल्याकडे ज्या घरांत कॉम्प्युटर आला, त्यांतल्या पुष्कळ घरांत तो जुनाच आला. कुणी सिकंदराबादला पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून जोडून घेतला, कुणी पुण्याच्या एखाद्या ऑफिसातून निघालेला डबा आणला. आणि मग घरातलं लेकरू विचारतं, "याला अजून पळवता येईल का?"

या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या पोटात आपल्याकडचा एक हजारेक वर्षांचा वादही दडलेला आहे. आज दोन्ही पाहू.

टाळ आणि पखवाज

आधी वेग म्हणजे काय ते समजून घेऊ. मदरबोर्डवर क्वार्ट्‌झचा एक छोटा स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो ठरावीक गतीनं थरथरतो. त्या थरथरीपासून एक ठेका तयार होतो आणि त्या ठेक्यावर सगळी यंत्रणा चालते. भजनात टाळ वाजतो, तसं समजा. टाळाच्या एका ठोक्यात पखवाजवाला आपले बारा बोल वाजवतो. प्रोसेसरचंही तसंच आहे. मदरबोर्डचा मूळ ठेका एक, आणि प्रोसेसरचा गुणक दुसरा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे प्रोसेसरचा वेग. २००८ साली इंटेलचा पेंटियम ई५२०० आला. त्याचा मूळ ठेका २०० मेगाहर्ट्‌झ आणि गुणक साडेबारा. म्हणून तो २.५ गिगाहर्ट्‌झचा.

आता टाळ जलद केला तर पखवाज आपोआप जलद होणार. हेच ओव्हरक्लॉकिंग. पण हात उचलून परत खाली यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत पुढचा ठोका आला तर बोल चुकतो. चिपमध्ये विजेला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागतोच. तो पुरला नाही की उत्तर चुकतं. व्होल्टेज थोडं वाढवलं की आतले स्विच लवकर पलटतात, पण उष्णता वाढते. सगळा खेळ वेळ, व्होल्टेज आणि उष्णता या तिघांत आहे.

मग कंपनी २.५ हा आकडा कशावरून ठरवते? एकाच तबकडीवर शेकडो चिप तयार होतात. सगळ्या सारख्या निघत नाहीत. त्यांची चाचणी होते आणि प्रतवारी लागते, जशी मोंढ्यात कापसाची किंवा सोयाबीनची लागते. पण प्रतवारीत बाजारही असतो. स्वस्त मालाला मागणी जास्त असली की चांगल्या चिपवरही कमी वेगाचा शिक्का मारून ती विकली जाते. शिक्का म्हणजे कंपनीनं दिलेली हमी असते. ती चिपच्या ताकदीची हद्द असतेच असं नाही. या फटीतून पुढचा सगळा इतिहास घडला.

स्फटिक बदलणारे लोक

१९८४ साली आयबीएमनं पीसी-एटी हा कॉम्प्युटर आणला. त्यात इंटेलचा ८०२८६ होता, ६ मेगाहर्ट्‌झचा. त्याचा स्फटिक १२ मेगाहर्ट्‌झचा, आणि तो खोबणीत बसवलेला, म्हणजे सहज निघणारा. लोकांनी तो काढून १६ चा बसवला, आणि चार पैशांच्या स्फटिकानं यंत्र ८ वर धावू लागलं. आयबीएमला हे रुचलं नाही. नंतरच्या बायोसमध्ये कंपनीनं वेग तपासणारा तुकडा टाकला. ठरलेल्यापेक्षा जलद चाललं की यंत्र सुरूच होईना. म्हणजे बघा, पळवणारा आणि रोखणारा ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे.

यानंतर आपल्या महाराष्ट्राचा धागा येतो. १९५० साली पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये पेंटियमच्या कामाचे प्रमुख होते. १९९३ च्या मार्चमध्ये पेंटियम आला, ६० आणि ६६ मेगाहर्ट्‌झचा. पुढे धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीनं विकत घेतली आणि तिच्या आराखड्यातून १९९७ साली के-६ हा स्वस्त आणि चांगला प्रोसेसर आला. स्वस्त कॉम्प्युटरच्या बाजारात इंटेलला पहिल्यांदा खरा घाम फुटला. त्याला उत्तर म्हणून इंटेलनं १९९८ साली सेलेरॉन काढला. एका पुणेकरानं घडवलेल्या पेंटियमला त्याचाच हात लागलेल्या के-६नं आव्हान दिलं, आणि त्या झटापटीतून गरिबाचा प्रोसेसर जन्मला.

पहिला सेलेरॉन फसला, कारण त्यात दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी स्मृती, अजिबात नव्हती. ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश चिपच्या आतच आणि पूर्ण वेगाची. महागड्या पेंटियम-टू मध्ये ती ५१२ होती, पण चिपच्या बाहेर आणि निम्म्या वेगाची. या सेलेरॉनचा ठेका ६६ चा, गुणक साडेचार. ठेका १०० केला की तो थेट ४५०! त्याच दिवशी बाजारात आलेला ४५० चा पेंटियम-टू साडेसहाशे डॉलरच्या वर होता आणि हा सेलेरॉन सुमारे दीडशेला. ३००ए मधले पुष्कळ नग १०० च्या ठेक्यावर बिनतक्रार चालले. जगभरातल्या पोरांना त्या दिवशी कळलं की शिक्का एक आणि माल दुसरा असू शकतो.

मात्र स्वस्त मदरबोर्डवर ठेका बदलायची सोयच नसे. प्रोसेसर ६६ सांगतो, बोर्ड ६६ देतो, संपला विषय. मग कुणीतरी शोधून काढलं की प्रोसेसरच्या पट्टीवरचा बी-२१ हा संपर्कबिंदू बोर्डाला '६६ द्या' असं सांगतो. त्यावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की बोर्ड १०० समजतो. एवढंच. मुंबईत ज्याला आपण लॅमिंग्टन रोड म्हणतो, तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असो की पार्कलेन असो, महागडा बोर्ड न परवडणाऱ्यांसाठी ती चिकटपट्टी मोठीच गोष्ट होती.

दोन वर्षांनी, २००० साली, एएमडीच्या ड्यूरॉन आणि ॲथलॉन चिपांवर तोडलेले बारीक पूल पेन्सिलीनं जोडून गुणकाचं कुलूप उघडायची युक्ती निघाली. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं. शाळेतली पेन्सिल!

कुलूप कुणाच्या हिताचं?

कंपन्या कुलूप का लावत होत्या? केवळ लोभ म्हणून? तसं म्हणणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. १९९० च्या दशकात जगभर एक फसवणूक चालली होती. कमी वेगाच्या चिपवरचा शिक्का घासून काढायचा, वर जास्त वेगाचा मारायचा आणि गिऱ्हाइकाला महाग विकायची. गुणकाला कुलूप घालायला हेही एक कारण होतं.

इथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. स्वतःच्या घरी चिप पळवणारा मुलगा आणि शिक्का घासून विकणारा व्यापारी, दोघं भौतिक दृष्ट्या एकच गोष्ट करतात. चिप ठरल्यापेक्षा जलद चालवतात. मग एक शोधक आणि दुसरा ठक कसा? फरक जोखमीत आहे. मुलाला जोखीम ठाऊक आहे आणि ती तो स्वतःच्या माथी घेतो. व्यापारी जोखीम दुसऱ्याच्या माथी मारतो आणि त्याला कळूही देत नाही. आमच्या मते तंत्रज्ञानाच्या नीतीचा निम्मा भाग या एका फरकात येतो.

पण कंपनीकडूनही दुसरं टोक गाठलं गेलं. २०१० साली इंटेलनं एका पेंटियमसाठी पन्नास डॉलरचं कार्ड विकायला काढलं. त्यातला क्रमांक टाकला की चिपमधली बंद ठेवलेली कॅश आणि आणखी एक सोय चालू व्हायची. म्हणजे गिऱ्हाइकानं चिप विकत घेतली, घरी नेली, आणि तिचा एक भाग कंपनीनं तिच्यातच कुलूपबंद ठेवलेला! लोकांनी टीका केली आणि पुढच्या वर्षी ती योजना बंद झाली. २०११ मध्ये मात्र खरं कुलूप बसलं. नव्या रचनेत सगळ्या भागांचे ठेके एकमेकांना बांधले गेले. वेग वाढवायचा तर 'के' अक्षराचा महाग प्रोसेसर आणि महाग चिपसेटचा बोर्ड घ्या. एच६१ सारख्या स्वस्त बोर्डांचा दरवाजा बंद. २०१४ साली, पेंटियम नावाला वीस वर्षं झाली म्हणून, इंटेलनं जी३२५८ हा बिनकुलपाचा स्वस्त पेंटियम काढला, तो अपवाद. एकेकाळी परवडत नाही म्हणून जे केलं जायचं, ते आता परवडतं त्यानंच करायचं झालं.

आग, मणी आणि न्यायशास्त्र

आता तो जुना वाद. आग जाळते. पण विशिष्ट मणी जवळ ठेवला तर तीच आग जाळत नाही, असं आपल्या दर्शनग्रंथांतलं एक ठरलेलं उदाहरण आहे. मणी दूर केला की पुन्हा जाळते. असं का?

मीमांसक म्हणाले, आगीत 'शक्ती' नावाची एक वेगळी, न दिसणारी गोष्ट आहे. मण्यामुळे ती कुंठित होते. नैयायिक म्हणाले, असं काही वेगळं मानायचं कारण नाही. कार्य घडतं ते संपूर्ण सामग्रीतून. आग हवी, लाकूड हवं, दोघांचा संयोग हवा आणि प्रतिबंधकाचा, म्हणजे त्या मण्याचा, अभावही हवा. अभाव हासुद्धा कारणांपैकी एक. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हा वाद सविस्तर घातला आहे. नैयायिकांनी पुढे 'उत्तेजक' असंही एक नाव दिलं. प्रतिबंधक मणी जवळ असतानाही जे आणून ठेवलं की आग पुन्हा जाळू लागते, ते उत्तेजक.

आता बघा. गुणकाचं कुलूप हा मणी. बी-२१ वरची चिकटपट्टी, पेन्सिलीची रेघ, हे उत्तेजक. ओव्हरक्लॉकिंग करणारं पोरगं बहुधा मीमांसक असतं. त्याला वाटतं, चिपमध्ये शक्ती दडलेली आहे, मणी काढला की ती उसळून येईल. १९९८ च्या सेलेरॉननं त्याची तशी खात्रीच करून दिली. पण स्वस्त मदरबोर्ड त्याला नैयायिक बनवतो.

बजेट बोर्ड काय शिकवतो

तो ई५२०० पुन्हा घेऊ. बोर्ड घेऊ जी३१ चिपसेटचा, त्या काळातला साधा, स्वस्त. ठेका २०० वरून २६६ केला. साडेबारा गुणिले २६६, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्‌झ. वेग एक तृतीयांशानं वाढला. यासाठी व्होल्टेज दहा टक्के वाढवावं लागलं असं समजा. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. १.२१ गुणिले १.३३, म्हणजे साधारण १.६. वेग तेहतीस टक्के, उष्णता साठ टक्के. हा व्यवहार आहे.

ही वीज येते कुठून? प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास लागतं. कंपनीनं त्याला ६५ वॅटचा हिशेब धरला आहे. ६५ भागिले १.२५, म्हणजे ५२ अँपिअर. आपल्या शेतातली पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटर सात-साडेसात अँपिअर घेते. नखाएवढ्या चिपमध्ये तिच्या सातपट प्रवाह जातो, दाब अगदी कमी असला तरी. ओव्हरक्लॉक केल्यावर तो ७५ च्या पुढे जातो. हा प्रवाह गाळून, दाब उतरवून देण्याचं काम मदरबोर्डवरचे काही छोटे भाग करतात. महाग बोर्डावर ते जास्त संख्येनं असतात आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियमचे तुकडे बसवलेले असतात. स्वस्त बोर्डावर ते मोजके आणि उघडे. प्रोसेसर तापला तर तो स्वतःला आवरतो, वेग कमी करतो. त्याला वीज पुरवणारे हे भाग स्वस्त बोर्डावर मुकाट्यानं तापत राहतात आणि एक दिवस जळतात.

शेजारी कपॅसिटर असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभर निकृष्ट कपॅसिटरची साथच आली होती. दुरुस्तीच्या दुकानांत डोकं फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्ड रांगेनं पडलेले असत.

आणि आपला उन्हाळा? पंखा हवेनं थंड करतो. हवेपेक्षा थंड तो करू शकत नाही. बावीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ६२ वर राहतो, तो बेचाळीस अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८२ च्या आसपास जाणार. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात बेचाळीस म्हणजे काही विशेष नाही. त्यात धूळ. त्यात २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा, खेड्यांत दहा-बारा तास वीज नसायची, आणि यायची तेव्हा दाब वरखाली. थंड, बंद खोलीत लावलेला वेग इथे तसाच्या तसा उतरत नाही. चिप तीच, शिक्का तोच, पण सामग्री वेगळी.

डब्यात आणखी एक गंमत असते. प्रोसेसरवरचा शिक्का त्याच्या ताकदीपेक्षा कमी सांगतो. आणि त्याच डब्यातला स्वस्त एसएमपीएस? त्यावर '४५० वॅट' छापलेलं असतं, आणि प्रत्यक्षात पुष्कळ नग तेवढा भार टिकवून पेलत नाहीत. एकाच पेटीत दोन शिक्के, दोन दिशांनी चुकीचे. म्हणून शिक्का वाचून कुणाची योग्यता ठरवू नये, चढीही नाही आणि उतरतीही नाही. तपासून पाहावं.

तपासायचं कसं? प्राइम९५ नावाचा कार्यक्रम रात्रभर चालवतात. मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचा तो. त्यात एक जरी आकडा चुकला तरी कळतं. रात्रभर चुकला नाही म्हणजे कधीच चुकणार नाही का? तर नाही. कार्ल पॉपर सांगून गेले तेच: हजार वेळा खरं ठरल्यानं सिद्ध होत नाही, एकदा खोटं ठरल्यानं मात्र निकाल लागतो. बंद पडणाऱ्या यंत्राची आम्हांला भीती वाटत नाही. चालत राहून चुकीचं उत्तर देणाऱ्या यंत्राची वाटते. पतसंस्थेचा हिशेब, मुलांचे गुण, औषधांचा साठा ज्यावर आहे, ते यंत्र पळवू नये.

दुसरी वाट

वेग वाढवणं एवढीच एक वाट आहे, असंही नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. अमेरिका आपल्याला हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला राजी नव्हती. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच अतिवेगवान प्रोसेसर करायचा नाद धरला नाही. बाजारात मिळणारे, स्वतंत्रपणे फारसे बलवान नसलेले ट्रान्सप्युटर त्यांनी एकत्र जुंपले आणि १९९१ साली परम ८००० उभा राहिला. त्यांचं लक्ष जोडणीवर होतं, म्हणजे सामग्रीवर. पुढे इंटेललाही तिकडेच वळावं लागलं. ऑक्टोबर २००४ मध्ये कंपनीनं ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम-४ चा बेत सोडला, कारण उष्णता आवरेना. आणि २००५ मध्ये एका चिपमध्ये दोन प्रोसेसर आले. एकाच बैलाला किती पराणी टोचणार? शेवटी जोडी जुंपावी लागते.

हा सगळा इतिहास आम्हांला मराठवाड्याला सांगावासा वाटतो, कारण आपल्यावरही शिक्के आहेत. मागास भाग, तालुक्याचं गाव, मराठी माध्यम. काहींचं उत्तर असतं की आपल्या लेकरांत शक्ती आहे, कुलूप काढा, ती पळतील. हे अर्धं खरं आहे. कुलपं काढलीच पाहिजेत. पण बोर्ड तोच ठेवून, वीज तीच ठेवून, नुसतं 'अजून पळ' म्हणत व्होल्टेज वाढवत नेलं, तर काय होतं ते आपण आत्ताच पाहिलं. लेकरू जळाल्यावर 'त्याच्यात दमच नव्हता' म्हणायचं, हा मीमांसकाचाही अपमान आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वेळेवर येणारी बस, विषयाचा शिक्षक, ही सामग्री. शक्ती मोजायची असेल तर आधी ती पुरी करा.

इथे आमचं बोलणं संपलं. वेळ आहे, एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून : सर, माझ्याकडे असाच जी३१ चा जुना कॉम्प्युटर आहे. मग करू का नको?)

करा, पण क्रमानं करा. पहिल्यांदा धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, कपॅसिटर फुगलेत का बघा. मग हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम बोर्ड घेईल तेवढी करा. रोजच्या वापरात यानं जो फरक पडेल, तो ओव्हरक्लॉकिंगनं पडणार नाही. एसएमपीएस चांगला घ्या. एवढं करून हौस उरली, तर ठेका थोडा थोडा वाढवा, व्होल्टेजला हात न लावता, आणि शक्यतो डिसेंबरात. प्रत्येक पायरीवर रात्रभर तपासा. महत्त्वाच्या फायली आधी दुसरीकडे ठेवा. आणि मे महिना आला की पुन्हा तपासा. हिवाळ्यात पास झालेलं यंत्र उन्हाळ्यात पास होईलच, असं नाही.